नकाराचा सत्कार

दुष्काळाच्या त्या वर्षी मी संगमनेरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो. वर्गात पोरं सात. त्यातली चार, दुसरा विषय वेळापत्रकात बसेना म्हणून माझ्याकडे आलेली. अशात एका विद्यापीठाचं पत्र आलं, आमच्याकडे या म्हणून. मला जायचंच होतं हो! पण लगेच हो म्हणणं कमीपणाचं वाटलं. मग स्टाफरूममध्ये पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणालो, "या पोरांना टाकून कसा जाऊ?" वाटलं, चारजण आग्रह करतील, संधी सोडू नका म्हणतील आणि मी जड मनानं निघेन.

आग्रह कुणीच केला नाही. प्राचार्यांनी डोळे पुसले आणि रविवारी माझा सत्कार ठेवला.

शाल, नारळ, फेटा, सगळं यथासांग. संस्थेचे अध्यक्ष शेतकरी गडी. माइक धरून म्हणाले, "मास्तर, तुमी आमची लाज राखली. आता तुमाला हितनं कोन न्हेतंय तेच बगतो!" टाळ्या थांबेनात. फेटा कपाळाला काचत होता आणि मी हात जोडून हसत होतो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, जायचं नव्हतं तर मला भांडी कशाला बांधायला लावलीत?"

महिन्याभरात त्याच विद्यापीठाचं दुसरं पत्र आलं, वरच्या जागेचं. या खेपेला कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. चार दिवस खपून होकार लिहिला आणि रजिस्टर करायला पोस्टात गेलो. खिडकीत पोस्टमास्तर. सत्काराला पहिल्या रांगेत बसलेले. पत्ता वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"परत बोलावलं व्हय सर? अन् तुम्ही परत नाही म्हणताय!" मग माझ्यामागच्या रांगेला म्हणाले, "बघा, असा मास्तर बघायला मिळायचा नाही."

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला.

तर्कशास्त्र शिकवणारा माणूस मी, पण निसटायला एक फट सापडेना. "सही राहिली वाटतं," असं पुटपुटत पाकीट परत घेतलं, नवं विकत घेतलं आणि तिथल्याच बाकावर बसून, पोस्टाच्या फाटक्या टाकानं नकार लिहिला. दोन ओळी.

पोस्टमास्तरांनी शिक्का हाणला, पावती दिली. "तिसरं आलं तर सरळ आत या, सर. तुम्हाला रांग नाही."

तिसरं आलं नाही.