एका बोटाचं स्टिअरिंग

"थोरला वेगळा राहायला गेला, तेवढं पुरे नव्हतं? आता माझ्या गाडीची चाकंही वेगळी केलीस," तात्या शेडच्या दारातूनच भांडत होते.

"एक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला हादरा कशाला?" धाकट्या सुनेने पाना पुसला. तात्यांनी तरुणपणी बसवलेला पुढचा अखंड आस काढून तिने प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग दिली होती, स्टिअरिंगही नवं, हलकं घातलं होतं. मनगट आखडल्यापासून तात्यांनी ही गाडी चालवली नव्हती, आणि त्यांनी ती चालवावी एवढाच तिचा हट्ट होता. "बसून तरी बघा."

तात्या फुगूनच बसले. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, चाकं डावीकडे वळली. सुनेचा चेहरा उतरला. चाकांच्या मध्यरेषेमागे बसवायचा रॅक, म्हणजे स्टिअरिंगने चाकं वळवणारा दांडा, तिने पुढे बसवला होता.

"वा सूनबाई, दवाखान्यात निघालो तर थेट स्मशानात पोचवशील."

पण ते उतरले नाहीत. त्यांनी पुन्हा फिरवून पाहिलं, मग नुसत्या एका बोटाने. मनगटाने हूं की चूं केलं नाही.

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "उद्या रॅक नीट बसवायचा. परवा गाडी मी बाहेर काढणार. जुना आस भंगारात द्या."