आबांचं टीव्हीचं लायसन

किस्से कुणी ठरवून जमा करत नाही. अमेरिकेतल्या मराठी स्वयंपाकघरात दह्याचे रिकामे डबे साठतात ना, तसे ते साठतात. फेकवत नाहीत, कुणाचं झाकण कुणाला ते कळत नाही, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर! मी आता परत आले आहे आणि आमच्या तालुक्यात एक छोटं रेडिओ केंद्र सुरू व्हावं म्हणून वणवण करते आहे. परवा एका साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, लायसनचं काय?" झालं, माझं कपाट उघडलं! साहेबांसमोर मी एकटीच हसत सुटले. काम लांबलं ते लांबलंच.

तर अर्विंग, टेक्सस. आमचा कट्टा दर शनिवारी मंदार आणि शिल्पाच्या अपार्टमेंटमध्ये भरायचा. मी समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. इंग्लंडमध्ये दोन वर्षं रेडिओ-टीव्हीचंच शिकून तिथे नोकरीला आले होते. खुर्चीत बसवायचं नाही, आणि सगळं जग येत्या सोमवारपर्यंत सुधारलंच पाहिजे असं वाटायचं. चौथा प्रसाद, नागपूरचा. त्याला जग आहे तसंच पसंत होतं, फक्त जेवण वेळेवर पाहिजे.

गेल्या वर्षी मंदारचे वडील, आबा, कराडहून सहा महिन्यांसाठी आले. हायस्कुलातले रिटायर्ड मास्तर. आणि पहिल्याच शनिवारी त्यांनी कट्ट्याला विषय दिला.

* * *

मंदारने हौसेने लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली. इंटरनेटवरून मराठी मालिका लागली. आबांना गहिवरून यावं म्हणून त्याने आवाजही मोठा केला.

आबांनी टीव्हीची मागची बाजू पाहिली, खालची पाहिली. मग म्हणाले, "लायसन कुठाय?"

मंदारने निमूटपणे पाकिटातून ड्रायव्हिंग लायसन्स काढून दिलं.

"अरे, हे गाडीचं. टीव्हीचं कुठाय?"

प्रसाद पोह्यांतून मान वर काढून म्हणाला, "काका, टीव्ही चालवून राहिला कोण? तो तं बसला आहे एका जागी!"

* * *

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बसले तर मी कसली! म्हटलं, "आबा, तुमचं काही चुकत नाही. इंग्लंडमध्ये अजूनही टीव्हीला लायसन लागतं."

शिल्पाने मला डोळ्यांनी दाबायचा प्रयत्न केला. मी सुटलेच होते. आम्ही चौघी मुली एका घरात राहायचो, टीव्ही नव्हता, जे काय बघायचं ते लॅपटॉपवर. तरी एक दिवस तपासायला माणूस आला. घरभर नजर फिरवून म्हणाला, "टीव्ही नाही? मग तुम्ही संध्याकाळी बघता तरी काय?"

माझी मैत्रीण म्हणाली, "सर, चार मुली आणि एक बाथरूम. आणखी कसली करमणूक हवी?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. "म्हणजे साहेबाच्या देशात लागतं," ते बोटांवर मोजत म्हणाले, "आपल्याकडे लागायचं. मग इथेच लागत नाही, असं कसं होईल? मंदार, तुझं ग्रीन कार्डाचं काम चाललंय. एका टीव्हीपायी घालवशील!"

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर चादर होती.

* * *

ही गंमत पहिल्या आठवड्यात गंमत होती. पण मंदार-शिल्पा आठला ऑफिसात, नात ईशा शाळेत. बाहेर टेक्ससचं ऊन. फूटपाथ नाही, कोपऱ्यावर दुकान नाही, समोर नुसत्या धावणाऱ्या गाड्या. आणि घरात आबा एकटे, त्या चादरीसमोर. मी एकदा दुपारी डोकावले तर ते टीव्हीकडे तोंड करून बसले होते, चादरीवरची फुलं बघत!

ईशाने समजावलं, "आबा, इट्स फ्री! टीव्ही इज फ्री!"

"फुकट?" आबा म्हणाले, "मग तर नक्कीच काहीतरी भानगड आहे."

महिन्याभरात ते मंदारला म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून दे." मंदार हे कट्ट्यावर सांगताना हसत होता, पण त्याच्या बशीतलं काही संपलं नाही. आई गेल्यावर तीन वर्षं विनवून त्याने वडिलांना आणलं होतं. मला तर जीभ चावून टाकावीशी वाटली. मी उठून खिडकी ते दार अशा फेऱ्या मारायला लागले. प्रसाद म्हणाला, "तू बस ना बाप्पा, कार्पेट झिजून राहिलं!"

* * *

मंदारने मग अधिकृत माणसाकडून वदवायचं ठरवलं. केबल कंपनीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून कुणी जेसन बोलत होता. उच्चार एकदम अमेरिकन. मंदारने विचारलं, घरी टीव्ही बघायला लायसन्स लागतं का? जेसन गोंधळला. म्हणाला, लायसन्स नाही, पण स्पोर्ट्स पॅकेज आहे, देऊ का?

आबा मागून म्हणाले, "नीट विचार रे त्याला. नुसतं नेटवरचं बघितलं तरी लागतं का ते पण विचार."

फोनवर कीबोर्डची टकटक थांबली. मग जेसन हळूच म्हणाला, "नाही लागत हो काका. बिनधास्त बघा!"

मंदारचा चेहरा उजळला. "ऐकलंत ना आबा?"

"ऐकलं की! हा पुण्यात बसून मला अमेरिकेचे कायदे सांगणार?"

* * *

आबांची भीती कुठून आली, ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांच्या तरुणपणी रेडिओला लायसन लागायचं, दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. आबांच्या घरी ते भरलेलं असायचं. शेजारच्या बापूरावांकडे नसायचं. तपासनीस गल्लीत आला की बापूराव रेडिओ गव्हाच्या कणगीत पुरायचे.

एकदा घाईत बटण बंद करायचं राहिलं. तपासनीस ओसरीवर चहा पितोय, आणि कणगीतून बातम्या सुरू!

बापूराव पांढरेफटक. तपासनिसाने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "गहू चांगला शिकलेला दिसतोय!"

दंड व्हायचा तो झालाच. पण आबांना आठवत होतं ते वेगळंच. "बापूरावांचा पोरगा माझ्या वर्गात होता," ते म्हणाले. "वर्षभर त्याला सगळे 'गहू' म्हणायचे." आणि त्यांनी ईशाच्या डोक्यावरून हात फिरवला.

* * *

ईशाला एका चॅनेलवरचं कार्टून बघायची सूट होती. लहान पोराला कायदा लागू नाही, असा आबांचा निवाडा. एका शनिवारी ते संपल्यावर पडद्यावर माणसं आली. मागे रांगेत फोन, आणि एक बाई काकुळतीला येऊन प्रेक्षकांकडे मदत मागत होती.

आबा ताडकन उठले. "बघा! मागतायत की नाही? हेच ते लायसनचं ऑफिस!"

मी पुढे झाले. शिल्पा म्हणाली, "आता तू नको." पण हा माझा विषय होता! मी सांगितलं, की हे लोकांचं चॅनेल आहे. जाहिरातींवर चालत नाही. बघणाऱ्यांनी आपण होऊन दिलं की चालतं.

"आपण होऊन?"

"हो."

"नाही दिलं तर? कुणी येतं?"

"कुणी येत नाही."

"तरी देतात लोक?"

"देतात, आबा."

आबांनी चष्मा लावून पडद्यावरचा नंबर वाचला. मग म्हणाले, "मग तर भरलंच पाहिजे."

फोन त्यांनी स्वतः लावला. मास्तरकीचं ठणठणीत इंग्रजी: "मॅडम, आय वॉन्ट टू बी लीगल!"

पलीकडची बाई म्हणाली, "ओ हनी, डोन्ट वी ऑल!"

* * *

देणगीदारांना, म्हणजे चॅनेलच्या मेंबरांना, भेट म्हणून त्यांनी एक मग पाठवला. जाड, निळा, चॅनेलचं नाव छापलेला. आबांनी तो धुतला, पुसला, टीव्हीशेजारी ठेवला आणि चादर काढून घडी घातली. त्या दुपारपासून मालिका सुरू!

प्रसादला काय माहीत. शनिवारी त्याने तोच मग उचलून चहा ओतायला घेतला. आबा ओरडले, "अरे, लायसनमध्ये चहा पितात का!"

पण तिकिटाचं मात्र ते बोलले ते बोलले. "आता सांगून झालंय," म्हणायचे, "आणि पाहुण्याने किती राहायचं." मंदार सोमवारी एजंटला फोन करून तारीख बदलणार होता.

* * *

त्याच्या आधीचा शुक्रवार. मी घरून काम करत होते, दुपारी आबांना थालीपीठ द्यायला गेले. टीव्ही मोठ्याने चाललेला, सासू सुनेला घराबाहेर काढत होती. तेवढ्यात दारावर थाप. "इन्स्पेक्शन!"

अपार्टमेंटच्या ऑफिसचा माणूस वर्षाकाठी स्मोक अलार्म तपासायला येतो, तो. दाराएवढा उंच, कमरेला वॉकीटॉकी. मी दार उघडलं आणि मागे वळून काही सांगणार, तोवर आबा उठलेही होते. टीव्ही त्यांनी बंद केला नाही. खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली. दोन्ही हातांत तो मग धरला आणि हळदीकुंकवाच्या तबकासारखा पुढे घेऊन दारात उभे राहिले.

त्या माणसाने मगाकडे पाहिलं. आबांकडे पाहिलं. पडद्यावरच्या सासूकडे पाहिलं. पुन्हा मगावरचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा फुलला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "वी आर मेंबर्स टू, सर! ट्वेल्व्ह इयर्स!"

अलार्मचं बटण दाबून पिप्प वाजवलं आणि टोपीला हात लावून तो गेला.

आबांनी दार लावलं. धोतराच्या सोग्याने तो मग पुसून जागेवर ठेवला. खुर्चीत बसले.

"मंदारला फोन लाव, पोरी. म्हणावं, तिकीट आहे त्याच तारखेचं राहू दे."

"का हो, आबा?"

"अगं, ज्या देशात इन्स्पेक्टर स्वतः लायसन काढतो, तिथून घाईघाईने कशाला जायचं!"