आहे तशीच

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर भाऊ परदेशातून म्हणतो, "आई आहे तशीच दिसते गं." माझं डोकंच फिरतं. व्हिडिओ पाठवणारं यंत्र महाकंजूष असतं. चित्रातला कुठला तुकडा कुठे सरकला, तेवढंच ते कळवतं; जे हललं नाही, ते मागच्याच चित्रातून उचलून पुन्हा दाखवतं. माझे हातवारे भावापर्यंत पोचतात. पक्षाघातानंतर खुर्चीत बसवलेली आई मात्र मागच्या भिंतीसारखी, जुनीच. पण यंत्राला कशाला बोल लावू? भाऊही मागच्या रविवारचीच आई या रविवारी चालवून घेतो.

आज चिडून मी तिचा लुळा हात उचलला आणि कॅमेऱ्यासमोर हलवला.

"अरे वा, टाटा करतेय!" भाऊ खूश झाला.