होकाराची यादी

मी वकील आहे, पण कोर्टात तावातावानं भांडणारी नव्हे. फोन कंपन्या, केबलवाले, ॲपवाले यांचे करार आणि अटी मी लिहिते. सिमकार्ड घेताना तुम्ही न वाचता ज्याला 'मान्य' म्हणता, ते बारीक अक्षरांतलं चऱ्हाट माझ्यासारख्याच कुणीतरी वळलेलं असतं. सांगलीत राहत्या घराच्या वरच्या खोलीत माझं ऑफिस आहे. माहेर कोरेगावकडचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी माझ्या बोलण्यावर सासरचे इतके हसले, की 'न्हाय', 'कवा', 'तवा' हे सगळं मी जिद्दीनं जिभेवरून पुसून टाकलं.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका फोन कंपनीनं नवीन सोय काढली. ज्या नंबरांचा वापर कमी आहे त्यांवर यंत्राचा फोन जाणार, बाईच्या आवाजात विचारणार, "हा नंबर बंद करायचा आहे का?", आणि ग्राहक तोंडानं जे सांगेल ती त्याची संमती. अटी मी लिहिल्या. 'यंत्राने नोंदवलेले उत्तर अंतिम मानले जाईल' हे वाक्य माझं. कंपनीची मंडळी दिल्लीची. मीटिंगमध्ये त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे खेड्यातली माणसं 'हो' कसं म्हणतात? मला कोण आनंद झाला! ज्या बोलीला सासरी हसले तिला थेट दिल्लीत मान. मी ऐटीत यादी दिली: हो, होय, हां, व्हय आणि हाय. यंत्राला ती शिकवली गेली, आणि मला शाबासकीची मेल आली. ती मी नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखवली.

गेल्या वर्षी त्याच कंपनीकडून एक फाइल आली. कोरेगाव तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांनी साताऱ्याच्या ग्राहक न्यायालयात तक्रार केली होती, की मला न जुमानता माझा नंबर बंद केला. कंपनीचं म्हणणं, संमतीचं रेकॉर्डिंग आहे, तक्रार फेटाळायचा अर्ज लिहा. अर्ध्या तासाचं काम. सवयीनं मी रेकॉर्डिंग लावलं. हातात चहा होता.

"हा नंबर बंद करायचा आहे का?"

"न्हाय!" म्हातारबुवांचा आवाज परेडवर असावा तसा खणखणीत.

"धन्यवाद. आपली संमती नोंदवली आहे."

"आवं बाई, संमती कसली? न्हाय म्हणतोय न्हवं मी? पोराचा फोन येतोय ह्यावर..." आणि फोन तुटला.

सोबतच्या कागदावर यंत्रानं नोंद केली होती. उत्तर: हाय. अर्थ: हो.

चहाचा कप कुठं ठेवला हेही मला आठवत नाही. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. यंत्राला 'न्हाय' ठाऊकच नव्हतं. त्यानं आपल्या यादीतला सगळ्यांत जवळचा शब्द उचलला, आणि तो शब्द त्या यादीत मी घातला होता. 'हो' कसं म्हणतात हे मला विचारलं होतं. 'नाही' कसं म्हणतात हे कुणी विचारलं नाही. आणि जन्माची बावीस वर्षं 'न्हाय' म्हणत वाढलेल्या मला ते सांगायचं सुचलं नाही.

मी कंपनीला कळवलं, चूक आपली आहे, नंबर परत द्या. उत्तर आलं, नंबर दुसऱ्या ग्राहकाला देऊन झाला, आणि यंत्राचं उत्तर अंतिम, वाक्य तर तुमचंच आहे मॅडम. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

तारखेला मी स्वतः साताऱ्याला गेले. सुभेदार व्हरांड्यातल्या बाकावर एकटेच बसले होते. वकील नाही, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बटणांचा जुना फोन आणि त्याचा चार्जर. समोरच्या पक्षाजवळ मी बसायला नको होतं. बसले.

"काका, मी कंपनीची वकील," मी म्हटलं.

ते सरकले. "बसा की," म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंबर कशासाठी हवा होता, ते त्यांनी आपणहून सांगितलं. "पोरगं भांडून गेलंय, चार वर्सं झाली. कुठं हाय, काय हाय, काय कळत न्हाय. पर गावच्या जत्रंला फोन करतंय. दर टायमाला कुणा दुसऱ्याच्याच फोनवरनं. 'तात्या हायत का?' एवढंच इचारतंय. मी 'हाय रं' म्हटलं की ठिवतंय. त्येला ह्यो एकच नंबर पाठ हाय."

"यंदाची जत्रा कधी आहे?"

"झाली की. गेल्या म्हयन्यात."

मी माझ्या फोनवरून तोच नंबर लावला. दोघांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला. माधवनगरच्या कुणा बाईंनी उचलला. गेल्या महिन्यात तात्यांना विचारणारा फोन आला होता का, असं मी विचारलं.

"व्हय, आलता की," त्या म्हणाल्या. "'तात्या हायत का' म्हणाला. मी म्हटलं, तात्या न्हाईत. तर गप्पच झाला बघा. मग रडल्यावानी आवाज आला, आन् ठिवला. काय झालंय वं?"

फोन ज्या नंबरावरून आला होता, तो त्या बिचाऱ्यांनी शोधून दिला. मी लावला. एका ट्रकवाल्यानं हिंदीत सांगितलं, ढाब्यावर कुणीतरी फोन मागितला, मी दिला, तो कोण, कुठला, मला काय माहीत.

सुभेदार पिशवीची गाठ सोडत होते, परत मारत होते.

"म्हंजी त्येच्या लेखी मी गेलो," ते म्हणाले. "बाप मेला म्हणून डोस्कं भादरून टक्कूर बी केलं आसंल त्येनं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून शिपाई बाहेर आला आणि त्यानं आमच्या प्रकरणाचा पुकारा केला.

"तक्रारदार हजर हायत का?"

सुभेदार उठले, ताठ उभे राहिले.

"हाय!" म्हणाले.

व्हरांड्यातल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. मी फाइल उचलली आणि त्यांच्या मागोमाग आत गेले.