आत्याचं हाड आणि बाबांची शेळी

आमच्या डोंगरात मेलेल्या माणसाचं कौतुक गाऊन रडायचं असतं. भाऊ गेला तर सुरुवात बहिणीनेच करायची. तिच्याआधी दुसरीने तोंड उघडायचं नाही. माझी आत्या इकोनिया यात पटाईत. शेजारच्या गावांतूनही तिला बोलावणी यायची. पण एका मयतीला ऐन भरात तिची वरची कवळी सुटली आणि थेट मढ्याच्या छातीवर पडली. पुरुषमंडळी आपापल्या बुटांकडे बघत राहिली. आत्याने कवळी उचलली, एप्रनच्या खिशात टाकली आणि घरी आली.

त्याच सुमाराला माझ्या वडिलांना, यागोशना, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. आत्याने पक्के दात बसवायचं ठरवलं. कोणासाठी, हे कुणी विचारलं नाही.

निकशिच शहरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिरडीतलं हाड फार अरुंद आहे, दात बसवायचा स्क्रू धरणार नाही. ते मधोमध चिरून हळूहळू फाकवावं लागेल, फटीत हाडाचा चुरा भरावा लागेल. टाके निघेपर्यंत तोंड मोठं उघडायचं नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात.

आदल्या संध्याकाळी आत्या आमच्याकडे आली. मी शेगडीपाशी होते. बाबांनी दोन पेल्यांत राकिया, घरची आलुबुखाराची दारू, ओतली.

"उद्या तुझं तोंड शिवतायत. आजच गा की माझ्यावर. निदान ऐकून तरी जाईन."

"जिवंत माणसावर गात नाहीत, दादा. जीभ झडेल माझी."

"शेळीचं काढशील का गं?"

"काढणार! सगळ्या गावासमोर काढणार. राखायला बसून झोपलास तू, शेळी नेली लांडग्याने, आणि मार कुणी खाल्ला? मी! माझं नाव सांगून मोकळा झालास, लबाडा."

"लहान होतो गं."

"मी तुझ्याहून लहान होते. आता माझे दात येईपर्यंत मरू नकोस म्हणजे झालं."

"बघतो," बाबा म्हणाले.

जमलं नाही त्यांना. टाके निघायच्या आतच ते गेले.

शवपेटी बाहेरच्या खोलीत ठेवली. काळे कपडे घातलेल्या बायका भिंतीकडेने बसल्या. आत्या आली. वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता. तिने बाबांच्या हातावर हात ठेवला, तोंड बोटभर उघडलं आणि रुमाल दाबून मिटलं. ज्याच्यासाठी हाड चिरून घेतलं, त्याच्यासाठीच ते मोडायला ती तयार नव्हती. मग दुसऱ्या कुणीही सुरुवात केली नाही. बाबांना गाण्याविनाच पुरलं.

मला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. मी कॉफीचे कप विसळले. पुढचे महिनेही तसेच गेले. आलुबुखार पिकले, वेचले, राकियासाठी आंबत घातले. आत्या सूप पीत राहिली.

वर्ष भरलं तेव्हा सगळे कबरीवर जमलो. आत्याचे नवे दात जरा जास्तच पांढरे होते. तिने "यागोश, माझ्या दादा" म्हटलं आणि आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला. बाबांच्या हिमतीचं गायली, त्यांनी बांधलेल्या घराचं गायली. मी मेणबत्ती वाऱ्यापासून सांभाळत होते. मग गाण्यात शेळी आली. आता हिला कोण अडवणार, मला वाटलं.

"लांडगा आला तेव्हा झोपले होते मी, दादा,
माझं नाव झाकलंस, मार खाल्लास तू, दादा."

बायका हुंदके देऊ लागल्या. एवढ्या गर्दीत खरं काय ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी मेणबत्ती कुणाच्या तरी हातात दिली आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडले.