सतरा नंबरची काच

"सांग अम्मा, हे भोक कुणी पाडलं?"

सारांनी, म्हणजे आमच्या प्रोफेसरांनी, विचारलं ते तमिळमध्ये. सगळ्यांना कळावं म्हणून. माझ्याशी एकटीशी बोलताना ते मराठी बोलत.

सेमिनार हॉल भरलेला होता. पडद्यावर सतरा नंबरच्या काचेचा, म्हणजे काचेवर चिकटवलेल्या दगडाच्या पातळ पापुद्र्याचा, मोठा फोटो. करड्या-पांढऱ्या दाण्यांच्या मधे चार-पाच काळे गोल डाग. पडद्याशेजारी सेल्वी काठी धरून उभी. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाची पोरगी. ती नुकतीच म्हणाली होती की हे काळे डाग म्हणजे गार्नेट नावाचं खनिज आहे, आणि जुन्या रजिस्टरात सतरा नंबरच्या दगडाची नोंद आहे, तिच्यात गार्नेट नाही. म्हणजे काचेवर नंबर सतरा आहे, पण दगड सतराचा नाही.

सार हसले. गार्नेट कुठलं, भोक आहे म्हणाले. आणि मग मागं वळून मला विचारलं. मी दाराशी काचांचा ट्रे घेऊन उभी होते.

"मी, सार," मी म्हणलं. "घासताना पडलं."

सार सेल्वीकडं वळले. "सहावीतून शाळा सोडलेल्या बाईला कळतं, भोक काय आणि दगड काय. तुला एम.एससी. कुणी दिली?"

हॉल हसला. मीही हसले. तोंड आपोआप हसलं. सार खूश असले की हसायचं, ही सवय होती मला.

सेल्वी म्हणाली, "सार, साध्या उजेडात एकदा बघा. मायक्रोस्कोप इथंच आहे." टेबलावर होता खरंच. काच लावलेली होती. कुणी वाकलं नाही. वेळ नाही, सार म्हणाले.

ते भोक नव्हतं. त्या हॉलमध्ये तिघांना ते माहीत होतं. तिघांतले दोघं खोटं बोललो, त्यातली एक मी.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. चेन्नईतलं कॉलेज, नाव घेत नाही. भूशास्त्राचा विभाग. दगडाच्या काचा करायची खोली, तिची किल्ली माझ्या कमरेला. रोज निघताना मी कुलूप दोनदा ओढून बघायची, जिन्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा. ही किल्ली गेली तर मी कोण, ही भीती.

मी वडाराची. सोलापूरकडची. बाप या खाणीतून त्या खाणीत, आम्ही मागं. सहावीत होते तेव्हा गुरुजींनी मला वर्गातून उठवलं आणि शाळेच्या कंपाउंडला दगड रचायला बसवलं. तुझ्या घरचंच काम आहे म्हणाले. मी चांगलं रचलं. गुरुजींनी शाबासकी दिली. वर्गात गणित चाललं होतं, आवाज बाहेर येत होता. त्यानंतर शाळा सुटलीच.

लग्नानंतर नवऱ्याबरोबर रस्त्याच्या कंत्राटावर मद्रासला आले. त्याला पुढं गिंडीत एका वर्कशॉपमध्ये काम लागलं. मी कॉलेजच्या नव्या इमारतीवर खडी फोडत होते. एक दगड फुटेना म्हणून त्याला मराठीत शिव्या देत होते, तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला.

"मराठी अहेस काय गं?"

ते सार. घरचे तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी जुनं, तमिळच्या चालीवर वर-खाली जाणारं. तरी माझ्या कानाला ते आईच्या बोलण्यासारखं लागलं. किती महिन्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, आणि काचा करणारा जुना माणूस सुटल्यावर ती जागा मला दिली. खुर्चीचे हे उपकार मी विसरले नव्हते. आजही नाही. म्हणून तर लिहायला जड जातंय.

काम असं. दगडाची चकती कापायची. एक बाजू पावडरीवर घासून आरशासारखी करायची, काचेवर चिकटवायची, मग दुसरी बाजू घासत जायची. इतकी, की दगडातून उजेड आरपार गेला पाहिजे. शेवटी काचेवर हिऱ्याच्या टोकाच्या पेन्सिलीनं नंबर कोरायचा. चकतीचा जोडीचा तुकडा त्याच नंबरनं खोक्यात ठेवायचा. दगड किती घासला हे मी बोटानं ओळखायची. पाहुणे आले की सार मला बोलवत. हात दाखव म्हणत. "दगड यांच्या रक्तात अहे," असं मला मराठीत सांगत आणि त्यांना इंग्रजीत. मी हात पुढं करायची. मला फुगल्यासारखं व्हायचं. एकदा एकानं हातांचा फोटो काढला. तो पुढं विभागाच्या वेबसाईटवर लागला. नुसते हात. मनगटापर्यंत.

ती वेबसाईट सेल्वी करत होती. प्रत्येक काचेचे दोन फोटो, एक साध्या उजेडातला, एक मायक्रोस्कोपात फिल्टरची आडवी चकती सरकवून आडव्या उजेडातला, आणि खाली दगडाची माहिती. ज्या कॉलेजात मायक्रोस्कोप नाही तिथली मुलं हे बघून शिकतील, असं ती म्हणायची. तिचं स्वतःचं पहिलं कॉलेज तसलंच होतं. तिचा बाप पल्लावरमच्या खाणीत दगड फोडायचा. तिच्या घराची पायरी त्या दगडाची होती. त्या खाणी आता पाण्यानं भरल्यात. सतरा नंबर त्याच खाणीतला, सारांच्या गुरूंनी आणलेला.

मला मायक्रोस्कोपला पहिल्यांदा तिनं बसवलं. "नुसतं घासू नका अक्का, बघा पण," म्हणाली. मी बघितलं. मी जिला गारगोटी म्हणायची तिचं नाव क्वार्ट्झ. आडव्या उजेडात ती पिवळी दिसली तर दगड अजून जाड आहे, करडी झाली की बरोबर. आणि गार्नेट. साध्या उजेडात फिक्कं गुलाबी, जाड कडेचं. आडव्या उजेडात काळंकुट्ट, काच कशीही फिरवली तरी काळंच. "आडव्या उजेडात भोकसुद्धा काळं दिसतं," सेल्वी म्हणाली, "म्हणून फसायचं नाही. परत साध्या उजेडात यायचं आणि बघायचं."

हे मला तिनं शिकवलं. तिलाच मी त्यानं मारलं.

झालं असं. फोटो स्वच्छ यावा म्हणून सतरा नंबरवरची पिवळी पडलेली झाकणकाच काढायची होती. मी ती गरम तव्यावर ठेवली. तव्याची आच जास्त झाली. काच तडकली आणि दगडाचा पापुद्रा चुरा झाला. सारांच्या गुरूंची काच, आणि तिचा जोडीचा तुकडा खोक्यात कधी नव्हताच. मी सारांना बोलावून आणलं, रडले.

सारांनी दार लावलं. ओरडले नाहीत. खिडकीखालच्या ढिगातून स्वतः एक दगड उचलला. चिठ्ठी हरवलेला, कुठला कोण जाणे. दिसायला सारखाच, निळसर काळा, तेलकट चमकेचा. "याची कर. सतरा कोर. तुझी नोकरी राहील, माझी अब्रू."

कापताना मला दिसलं. डाळिंबाच्या दाण्यांच्या रंगाचे ठिपके होते. मी सांगितलं, "सार, यात लाल दाणे आहेत." ते म्हणाले, कोण बघणार.

मी केली. सतरा कोरलं. माझा आकडा चांगला येतो.

कोण बघणार, तर सेल्वीनं बघितलं.

सेमिनारनंतर वेबसाईटचं काम तिच्याकडून काढलं. गाईड म्हणून सारच होते, त्यांनी सहीला तिला खेटे घालायला लावले. दोन महिन्यांत ती यायची बंद झाली. जाताना माझ्या खोलीशी आली होती. मी आतून मशीन चालू ठेवलं. आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवायला. घासायला काही नव्हतं, मी मशीन नुसतंच फिरवत होते. ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

जेवण जाईना असं काही झालं नाही मला. जेवत होते. झोपत होते. हेच सांगायला लाज वाटते. सार दिवाळीला साडी देत, ती घेतली.

मग एकदा कॉम्प्युटरच्या खोलीत एक पोरगा म्हणाला, अक्का, तुमचे हात बघा, आणि वेबसाईट उघडली. हात होते. मी म्हणलं सतरा उघड. उघडली. खालची माहिती सेल्वीचीच, एकेक वाक्य तिनं मला वाचून दाखवलेलं. तिचं नाव नव्हतं. आणि दोन्ही फोटोंत डाग नव्हते. मी म्हणलं, डाग कुठं गेले? "सारांनी सांगितलं म्हणून मी कॉम्प्युटरवर पुसले," पोरगा म्हणाला. "भोकं बरी दिसत नव्हती."

दगडातला दाणा पुसता येतो हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर दगड घासला, पण त्यात जे आहे ते घासून जात नाही, पातळ होतं, जास्त दिसतं. आणि इथं एका बोटानं गेलं. त्या मायक्रोस्कोप नसलेल्या कॉलेजातली मुलं आता हा दगड शिकणार. कुठंच नसलेला दगड. त्याचा नंबर माझ्या हातचा.

रविवारी सेल्वीच्या घरी विचारत गेले. आईनं सांगितलं, सिरुसेरीला कंपनीत लागली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिथल्या बस स्टॉपवर उभी राहिले. ती आली, गळ्यात कार्ड. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तवा, ढीग, लाल दाणे. तिची बस येताना दिसली.

मग म्हणाली, "अक्का, हे मला इथं सांगू नका. जिथं बोललात तिथं बोला."

आणि बसमध्ये चढली.

बोलायला मला तीन आठवडे लागले. बाहेरच्या कॉलेजांतले मास्तर-बाई वेबसाईट बघायला येणार होते. तोच हॉल, तोच पडदा. मी ट्रे घेऊन दाराशी. ट्रेमध्ये बदललेल्या दगडाचा जोडीचा तुकडा होता. तो मी नियमाप्रमाणं ठेवला होता. सवयीनं. आणि बामच्या डबीत, तेव्हाच भरून ठेवलेला, जुन्या सतराचा चुरा.

पान सतरा आलं. मी चालत पुढं गेले. तुकडा आणि डबी टेबलावर ठेवली, ट्रेमधली सतराची काच तिथल्या मायक्रोस्कोपला लावली. "सार, ते भोक नव्हतं. गार्नेट होतं. मी खोटं बोलले होते."

सार जवळ आले. हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "घरी जा. तुला बरं नाही. मी अहे ना, सांभाळून घेतो."

तोच आवाज. खिडकीतला. मी दाराकडं वळलेही होते, खरं सांगते. त्या भाषेत मला कधी नाही म्हणताच आलं नव्हतं. म्हणून मी तमिळमध्ये बोलले. माझं तमिळ मोडकं, क्रियापदं चुकतात. "मराठीत नको, सार. सगळ्यांना कळू दे. दगड बदलला. तुम्ही दिला, मी घासला. सेल्वी खरं बोलली होती."

एक मास्तर घड्याळ बघत होता. एक बाई तेवढी उठली, मायक्रोस्कोपवर वाकली, काच फिरवली, आडवी चकती काढून परत बघितलं. "गुलाबी आहे," ती म्हणाली. मग चहा आला.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडून किल्ली काढून घेतली. आता मी जिने झाडते. वेबसाईटवरनं सतरा नंबरचं पान गेलं. सोळानंतर अठरा येतं. बाकीच्या पानांवर सेल्वीची वाक्यं आहेत, नाव नाही. माझे हात अजून आहेत.

सेल्वीला फोन केला. ती म्हणाली, "तुम्ही आता बोललात, अक्का. मी तेव्हा बोलले होते." आणि फोन ठेवला. तिनं मला माफ केलेलं नाही. करू नये.

मी ऑफिसात अर्ज दिला. दगड कसा बदलला ते सगळं, आणि शेवटी एकच मागणी, प्रत्येक पानावर सेल्वीचं नाव लावा. मला मराठीच लिहिता येतं, मराठीत लिहिला. क्लार्क म्हणाला, अम्मा, हे वाचणारं इथं कुणी नाही, तमिळ किंवा इंग्रजीत आणा. मी म्हणलं, आहे. विभागात एक माणूस आहे. शिक्का मारा आणि त्यांच्या टेबलावर पाठवा.

दर सोमवारी एक अर्ज देते. मजकूर तोच, अक्षर माझं. सार माझ्या समोरून जिना चढतात, बघत नाहीत. आज सोमवार आहे. हा अठ्ठाविसावा.