बाईंची उमेदवारी

बाईंच्या पिशवीत कापसाचे बोळे असायचे. शिंप्याचं दुकान असो, सुताराचा कारखाना असो की छापखाना, आत शिरल्यावर नमस्कार झाला की बाई मालकापुढे दोन बोळे धरायच्या. "हे कानात घाला आणि आपलं काम चालू ठेवा." बाईंच्या वयाकडे आणि नऊवारीकडे पाहून मालक नाही म्हणू शकायचा नाही. तो बोळे घालायचा, दोनचार टाके मारायचा किंवा रंधा फिरवायचा. मग बाई विचारायच्या, "थांबले का हात?" अर्थात मालकाला ते ऐकू यायचं नाही. बोळे काढून पुन्हा विचारावं लागायचं, आणि तोवर निम्मी गंमत गेलेली असायची.

मालक हसायचा. म्हणायचा, "बात तो सही है, बाईसाहेब. देखेंगे."

रस्त्यावर आल्यावर बाई मला म्हणायच्या, "मास्तर, यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. शिवीला उत्तर तरी देता येतं."

मी तेव्हा इंदूरला ऐकू न येणाऱ्या मुलांच्या एका लहानशा शाळेत चित्रकला शिकवत होतो. गावात तिला सरळ 'मुक्यांची शाळा' म्हणत. रामबागेत भाड्याच्या चार खोल्या, पुढे अंगण. बाई तिथल्या मुख्य शिक्षिका. शाळेचा नियम असा की मुलांनी हातवारे करायचे नाहीत, बोलणाऱ्याचे ओठ वाचायला शिकायचं. वर्गात बाई तो नियम पाळायच्या. मधल्या सुट्टीत मात्र अंगणात मुलं आपापसांत भराभर हातांनी बोलायची आणि बाई पायरीवर बसून त्यांच्याकडून ती भाषा शिकायच्या; त्यांच्यामागे मीही थोडी उचलली. चुकलं की मुलं पोट धरून हसायची. बाईही हसायच्या. शाळेत त्यांना हसताना पाहायचं तर तेवढीच वेळ.

कारण बाकी सगळा वेळ त्या चिडलेल्या असायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा राग कुठल्या एका माणसावर नसतो, म्हणून तो कधी संपतही नाही. बाईंचा हिशेब साधा होता. मुलगा सोळासतरा वर्षांचा झाला की शाळा संपते. लिहिता-वाचता येतं, चार चित्रं काढता येतात. पुढे? पुढे घरी जाऊन ओट्यावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायचं. "मग मी यांना शिकवलं कशासाठी?" त्या विचारायच्या. "आपण ओट्यावर बसलोय, हे लिहिता यावं म्हणून?"

म्हणून शाळा सुटली की आमची फेरी निघायची. बाई पुढे, मी मागे. मागणं एकच. मुलाला उमेदवार म्हणून ठेवून घ्या, काम शिकवा, शिकला तर नोकरी द्या.

लोक दुष्ट नव्हते. तेच तर दुखणं होतं. कोणी चहा पाजायचा, कोणी मुलांसाठी पेढे द्यायचा. एका सराफाने तर दर अमावास्येला मुलांना जेवण घालायची तयारी दाखवली. बाई त्याला म्हणाल्या, "भिया, जेवण नको. तुमच्या दुकानात घडाईला एक मुलगा बसवून घ्या." त्याने कानांच्या पाळ्या पकडल्या. "वो नहीं हो सकेगा, बाईजी. सोने का काम है." आणि पुन्हा पेढ्यांचा पुडा पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. पेढे चांगले होते, मला वाईट वाटलं.

अशात रामरतनला जागा मिळाली. हा इंदूरजवळच्या बेटम्याच्या एका बियाणे विकणाऱ्याचा मुलगा, उंच, शांत, चित्रकलेत माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी. राजवाड्यामागच्या गल्लीत एक छापखाना होता. त्याच्या मालकाने चक्क 'हओ', म्हणजे हो, म्हटलं. बाईंचा विश्वास बसेना. रामरतनला नवा सदरा घालून त्या स्वतः त्याला पोचवून आल्या.

आठवड्याने आम्ही पाहायला गेलो, तर रामरतन झाडू मारत होता. नंतर गेलो, तर चहाचे पेले विसळत होता. मालक मात्र गिऱ्हाइकाला सांगत होता, "बेचारा गूंगा है. रख लिया अपन ने. पुण्य का काम है."

बाई काउंटरशी गेल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण मशीनवरची माणसंही थांबली. "सेठजी, पुण्य पाहिजे तर मंदिरात जा. हा इथे काम शिकायला आलाय."

"पण बाई, त्याला शिकवणार कोण?" फोरमन मधे पडला. तो आमच्यातलाच, मराठी. "मी बोलतो ते त्याला कळत नाही, तो दाखवतो ते मला कळत नाही. मी छपाई बघू की इशारे करत बसू?"

हे मात्र खरं होतं. बाईंनी एक स्टूल ओढलं. मग म्हणाल्या, "मी बसते."

आणि खरंच बसल्या. पन्नाशी उलटलेल्या बाई रोज शाळा सुटल्यावर छापखान्यात जाऊ लागल्या. फोरमन सांगायचा, बाई ते हातांनी रामरतनला सांगायच्या. पण खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, कसे जुळवतात हेच माहीत नसताना सांगणार काय? म्हणून त्या आधी स्वतः शिकल्या. कुठल्या खणात कुठलं अक्षर, उलटी अक्षरं सरळ कशी वाचायची, ओळ घट्ट कशी बसवायची. नऊवारीला शाई लागायची, नखं काळी व्हायची. वर्गात बाई फळ्यावर लिहिताना मुलं त्यांच्या बोटांकडे बघून एकमेकांना खुणावायची. बाईंची पहिली ओळ छापून आली तेव्हा तिच्यात तीन चुका होत्या. रामरतनच्या ओळीत एकही नव्हती. त्याने त्या तिन्हींवर बोट ठेवलं आणि बाईंकडे पाहून मान हलवली, अगदी बाई वर्गात हलवायच्या तशी. फोरमन इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून फोरमनही थोडेफार इशारे करू लागला. बाईंची गरज उरली नाही. रामरतन लग्नपत्रिका जुळवू लागला.

त्याच सुमाराला बाईंनी सरकारकडे मागणी केली होती की शाळेतच एक लहान छपाईयंत्र द्या, म्हणजे कुणाच्या दारात उभं राहायला नको. मध्यभारत राज्याची राजधानी तेव्हा उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर अशी फिरायची. बाई इथल्या कचेरीत गेल्या की कळायचं, फाईल ग्वाल्हेरला आहे. एकदा त्या भर थंडीत ग्वाल्हेरला जाऊन आल्या. तिथे सांगितलं, साहेब रजेवर इंदूरला गेलेत. परत आल्यावर म्हणाल्या, "मास्तर, आपल्या मुलांना ऐकू येत नाही, तरी बोललेलं कळतं. यांना काय झालंय?"

मग छापखान्यात तो अपघात झाला.

पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवरचा माणूस शेजाऱ्याशी गप्पा मारत कागद लावत होता. हात काढायला उशीर झाला आणि बोट चेपलं. रामरतन तेव्हा दुसऱ्या टोकाला खिळ्यांच्या खणांशी उभा होता, पाठ करून. त्याला काही कळलंही नाही. लोक धावले तेव्हा त्याने वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मालकाने रामरतनला कामावरून काढलं.

बाईंबरोबर मीही गेलो होतो. मालकाचा चेहरा उतरला होता. तो मनापासून बोलत होता, याची मला आजही खात्री आहे. "बाईसाहेब, आज त्याचं बोट गेलं. उद्या याचा हात गेला तर? याला तर कोणी ओरडून सांगितलेलंही ऐकू येणार नाही. मेरी जिम्मेदारी है."

"अहो, ज्याला ऐकू येत होतं त्याचं बोट गेलं!" बाई ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "बोलण्याच्या नादात गेलं! हा तर मशीनपाशीसुद्धा नव्हता!"

"ते खरं आहे," मालक म्हणाला. "पर मन नहीं मानता."

मन मानत नाही. संपलं.

रामरतन बाहेर पायरीवर बसला होता. त्याने बाईंना हातांनी विचारलं, माझी चूक झाली? बाईंनी मान हलवली, नाही. मग का? बाईंचे हात वर आले आणि तसेच थांबले. अंगणात इतकी वर्षं बसून त्यांनी मुलांची सगळी भाषा उचलली होती, पण याला त्यांच्याकडे खूण नव्हती. त्यांनी हात खाली घेतले आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. रस्त्यावर टांगे चालले होते. मी सायकल धरून उभा होतो.

त्यानंतर बाई फिरत राहिल्या, पण इंदुरात छापखानेवाल्यांमध्ये बातमी पसरली होती. जिथे जावं तिथे ते बोट आमच्या आधी पोचलेलं असायचं. रामरतन बेटम्याला परत गेला आणि बापाच्या दुकानात पोती मोजू लागला. शेवटी महूच्या छावणीत एक जण भेटले. तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार, साताऱ्याकडचे. पलटणीचे कार्यक्रम आणि निमंत्रणं छापायचा त्यांचा लहानसा छापखाना होता. बेटम्याहून बोलावलेला रामरतन बरोबर होता. बाईंनी बोलायला सुरुवात केली. हवालदारांनी हात कानामागे धरला. "जरा मोठ्यानं बोला. तोफांनी माझेच कान गेलेत." बाईंचं सगळं भाषण वाया गेलं. हवालदारांनी रामरतनला खिळ्यांच्या खणांसमोर उभं केलं, एक निमंत्रण पुढे टाकलं आणि शेजारी उभे राहून बघितलं. मग म्हणाले, "उद्यापासून या."

परतीच्या गाडीत मी आनंदात होतो. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "एक झाला. प्रत्येकासाठी बहिरा मालक कुठून आणू मी?"

मध्यभारत राज्यच विसर्जित होऊन भोपाळ राजधानी झाली त्या वर्षी बाईंना दम लागू लागला. छपाईयंत्राची चौकशी करायला गेल्या तर उत्तर मिळालं, आता भोपाळला विचारा. बाई तिथल्याच बाकावर बसून राहिल्या. मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते घेतलं आणि म्हणाल्या, "मास्तर, भोपाळला तुम्ही जा." मी गेलोही, पुढे दोनदा. पण ते सांगण्यासारखं काही नाही.

पुण्याहून त्यांचे भाऊ त्यांना न्यायला आले. शाळेत निरोपसमारंभ झाला नाही, नव्या मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की वर्षाच्या मधेच कशाला. मी महूपर्यंत त्यांच्याबरोबर गाडीतून गेलो. रामरतन फलाटावर आला होता, छापखान्यातून तसाच, शाईच्या हातांनी. मी खाली उतरून त्याच्याजवळ उभा राहिलो. बाईंनी खिडकीतून त्याला बरा आहेस का असंही विचारलं नाही. पहिला प्रश्न हा की हवालदारांना आणखी एक मुलगा हवा आहे का. शाळेतली सुशीला आता मोठी झाली, मुलगी चालेल का? रामरतनने खांदे उडवले. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. विचार, त्यांनी बजावलं.

गाडी सुटली. फलाटावरची माणसं आपापल्या माणसांना ओरडून काहीबाही सांगत होती. इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू जाईना, तसे ते सगळे थकून गप्प झाले. पण हे दोघं बोलतच होते. डबा फलाट सोडून गेला, लहान होत गेला, तरी बाईंचे हात खिडकीबाहेर चालले होते आणि रामरतन उत्तरं देत होता. पुढे वळणावर इंजिनाचा धूर मागे लोटला. त्यात बाईंचे हात काही तरी नवं सांगायला वर आलेले दिसले, आणि मग धूरच दिसला.

रामरतनने माझी बाही ओढली. त्याने विचारलं, शेवटचं काय म्हणाल्या?

मी त्याला हातांनी सांगितलं, मलाही दिसलं नाही.